आधी मागची बाजू पाहा

जुना जपानी अ‍ॅम्प्लिफायर विकायला निघाला की त्याचे फोटो समोरून काढलेले असतात. ब्रश मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल, हाताला जड लागणारे नॉब, दोन्ही बाजूंना लाकूड आणि उजळलेल्या काचेमागे हलणारे मीटरचे काटे. घेणाऱ्याचा जीव तिथेच अडकतो. या पुस्तकाचं पहिलं सांगणं असं की यंत्र फिरवून मागची बाजू आधी पाहावी. मागच्या पत्र्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि विजेचा आकडा छापलेला असतो. तिथे फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर ते जपानमधल्या घरासाठी बनलेलं. १२०, २२०, २४० अशी निवड करायची चकती असेल तर ते परदेशी जाण्यासाठी बनलेलं. स्पीकरचे क्लिप तुटलेत का, वायर कोणी परस्पर बदलली आहे का, स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का, हेही तिथेच दिसतं. खाचा झिजलेल्या असतील तर यंत्र अनेकदा उघडलं गेलं आहे, आणि ते कोणी व कशासाठी उघडलं हा पुढचा प्रश्न.

साठच्या दशकाच्या मध्यापासून साधारण १९९० पर्यंत जपानमध्ये बनलेल्या हाय-फाय यंत्रांची खरेदी-विक्री हा या पुस्तकाचा विषय. अ‍ॅम्प्लिफायर, रिसीव्हर, टर्नटेबल, कॅसेट डेक, ट्यूनर, स्पीकर. या यंत्रांविषयी बोलताना लोक चटकन आवाजाच्या वर्णनाकडे वळतात: सान्सुईचा आवाज भरदार, यामाहाचा स्वच्छ, लक्समनचा मुलायम. या वर्णनांत तथ्य आहे. पण चाळीस-पन्नास वर्षांनी आपल्या हाती येणारं यंत्र कारखान्यातून निघालं तसं राहिलेलं नसतं. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, रिलेचे संपर्क काळवंडलेले असतात, मधल्या काळात दोन-तीन हातांनी आपापल्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती केलेली असते. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवून ऐकले तर त्यांच्यातला फरक कित्येकदा दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. म्हणून माझं ठाम मत आहे की या बाजारात पैसे मोजायचे ते त्या एका नगाच्या आजच्या अवस्थेचे. विकणाऱ्यानेही तीच विकावी, आणि जेवढी उघड करून सांगेल तेवढा भाव हक्काने मागावा.

ही यंत्रं इतकी वर्षं टिकली आणि अजून उघडून दुरुस्त करता येतात, याचं मूळ ती बनवणाऱ्यांच्या सुरुवातीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोतल्या कान्दा आणि अकिहाबारा या भागांत रस्त्याच्या कडेला रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले लागले. जवळच विजेचं तंत्र शिकवणारी शाळा होती. तिथले विद्यार्थी सुटे भाग घेऊन रेडिओ जुळवत आणि विकत. जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले उठवायला लावले, तेव्हा त्यांतले बरेच रेल्वेच्या रुळांखालच्या जागेत गेले. अकिहाबाराच्या रेडिओ सेंटरमधली चिंचोळी दुकानं तिथूनची. त्याच काळातल्या कंपन्याही सुट्या भागांतूनच उभ्या राहिल्या. नागानो प्रांतात कासुगा बंधूंनी १९४६ मध्ये रेडिओच्या भागांचा जो व्यवसाय सुरू केला, तो पुढे ट्रायो आणि मग केनवुड झाला. त्या बंधूंनी नंतर ट्रायो सोडून १९७२ मध्ये वेगळी कंपनी काढली, ती आजची अ‍ॅक्यूफेज. सान्सुई १९४७ मध्ये सुरू झाली ती ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. लक्समन या सगळ्यांहून जुनी, १९२५ ची, ओसाकातल्या चित्रांच्या चौकटी विकणाऱ्या दुकानाचा रेडिओ विभाग म्हणून जन्मलेली.

या माणसांनी यंत्र बांधलं ते दुसऱ्या कोणाला तरी ते एक दिवस उघडावं लागणार हे धरून. सत्तरच्या दशकातला चांगला जपानी अ‍ॅम्प्लिफायर उघडला की हे दिसतं. प्रत्येक बोर्डावर क्रमांक, प्रत्येक भागाशेजारी त्याचा क्रमांक छापलेला, सुटे ट्रान्झिस्टर, आणि तळाचा पत्रा काढला की सोल्डरची बाजू समोर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट असतं, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट दिसले पाहिजेत ते असतं, बायस कसा आणि किती लावायचा ते असतं. सान्सुई २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली, ओन्क्यो २०२२ मध्ये. पण मॅन्युअल हातोहात फिरत राहिली आणि त्यामुळे या कंपन्यांची यंत्रं कंपन्यांच्या मागेही दुरुस्त होत आहेत. खरेदीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. दोन यंत्रांत निवड करायची असेल आणि एकाचं मॅन्युअल मिळत असेल, दुसऱ्याचं नसेल, तर पहिलं घ्यावं.

जपानबाहेर ही यंत्रं पोचली त्यात अमेरिकन सैनिकांचा मोठा वाटा होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात जपान, ओकिनावा, फिलिपिन्स अशा तळांवर त्यांच्यासाठी करमुक्त दुकानं होती आणि तिथे सान्सुई, पायोनियर, अकाई, टीॲक यांचा माल अमेरिकेतल्या भावापेक्षा खूप स्वस्त मिळे. आज कुठे नेमणूक, उद्या कुठे, त्यामुळे त्यांच्यासाठीच्या यंत्रांना व्होल्टेज बदलण्याची सोय असे. मागे चकती असलेल्या कित्येक यंत्रांचा उगम हा आहे. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजायची आणि कशी जाहीर करायची याचे नियम घालून दिले. तोवर कोणीही काहीही वॅट छापत असे. नियम आल्यावर खऱ्या वॅटची शर्यत लागली आणि जपानी कंपन्या त्यात उतरल्या. पायोनियरचा १९७८ चा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर प्रत्येक चॅनेलला २७० वॅट देई आणि त्याचं वजन सुमारे ३५ किलो होतं.

हे महाकाय रिसीव्हर मुख्यतः अमेरिकेसाठी बनले आणि आज सर्वांत जास्त पैसे तेच खेचतात. फोटोत ते देखणे दिसतात, हे मान्य. पण घरातल्या बैठकीच्या खोलीला २७० वॅट लागत नाहीत. एका पेटीत रेडिओ, प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प आणि अवाढव्य ट्रान्सफॉर्मर कोंबल्याने आत उष्णता साठते आणि भाग लवकर म्हातारे होतात. एक बोर्ड काढायला तीन सोडवावे लागतात. नव्या ग्राहकाने पहिली खरेदी इथे करू नये. त्याच काळातला ६० ते ८० वॅटचा साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या भावाच्या लहानशा अंशात मिळतो, तो उघडायला सोपा असतो, आणि बहुतेक स्पीकरना पुरून उरतो.

जपानमधल्या ऐकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. युद्धानंतर परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. लोक जाझ किस्सा नावाच्या कॉफीच्या दुकानांत जात. मालकाकडे रेकॉर्डचा साठा आणि उत्तम स्पीकर असत, आणि एका कॉफीवर बराच वेळ बसून मुकाट्याने ऐकायची रीत होती. चांगला आवाज कसा असतो हे एक पिढी तिथे शिकली आणि मिळकत वाढली तेव्हा तो घरी आणायला ती निघाली. त्यात १९६९ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं एफएम प्रसारण नियमित सुरू झालं. पाठोपाठ रेडिओवरून संगीत टेपवर उतरवून घेण्याचा छंद देशभर पसरला. त्यासाठी खास नियतकालिकं होती. एफएम फॅन हे त्यांतलं जुनं, १९६६ मध्ये सुरू होऊन २००१ पर्यंत चाललेलं. पुढच्या दिवसांत कुठल्या वेळी कुठली रचना लागणार, ती किती मिनिटं-सेकंदांची, हे त्यात छापून येई. म्हणजे किती लांबीची कॅसेट लावायची ते आधीच ठरवता येई.

जपानने ट्यूनर आणि कॅसेट डेक यांच्यावर इतकं डोकं का खर्च केलं, ते या छंदाकडे पाहिल्यावर उलगडतं. नाकामिचीने १९७३ मध्ये कॅसेटसाठी तीन हेडचा डेक आणला, आणि १९८२ च्या ड्रॅगनमध्ये तर टेप चालू असताना हेडचा कोन आपोआप दुरुस्त करणारी यंत्रणा बसवली. ट्रायो-केनवुडचे ट्यूनर आजही मोजमापाला ताठ उभे राहतात. आणि तरीही ट्यूनरला आज भाव नाही. ज्यासाठी ते बनले ते प्रसारण आता कमी लोक ऐकतात. ज्याला अभियांत्रिकीचं सौंदर्य पाहायचं आहे आणि खिसा मोठा नाही, त्याने एक जुना जपानी ट्यूनर उघडून आत पाहावं. एवढ्या कमी पैशांत इतकी बारीक कारागिरी दुसरीकडे सापडणार नाही.

टर्नटेबलची गोष्ट सुखाची आहे, कारण तिथे पुरवठा अजून चालू आहे. मात्सुशिताच्या टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० बाजारात आणला. त्यात पट्टा किंवा रबराचं चाक नव्हतं, मोटरच थेट थाळी फिरवत होती. १९७२ मध्ये एसएल-१२०० आला, १९७९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, जी डिस्को आणि क्लबांमध्ये जगभर राबली. २०१० मध्ये उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. डेनॉनचं डीएल-१०३ हे कार्ट्रिज साठच्या दशकात एनएचकेच्या प्रसारणासाठी विकसित झालं आणि ते आजही बनतं. झिजणारा भाग नव्याने मिळणं हे जुन्या वस्तूच्या किमतीतलं फार मोठं कलम आहे. ज्या टर्नटेबलचा स्टायलस मिळत नाही, आर्म दुसऱ्या कार्ट्रिजला जुळत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी शोभेचं.

याच्या दुसऱ्या टोकाला यामाहाचा एनएस-१०००एम हा स्पीकर. १९७४ चा. त्याचे मधल्या आणि वरच्या पट्टीचे घुमट बेरिलियमचे आहेत. हा धातू अतिशय हलका आणि ताठ. निर्वात जागेत त्याची वाफ करून तो थराथराने जमवलेला. स्वीडनच्या सार्वजनिक रेडिओने हे स्पीकर मॉनिटर म्हणून वापरले. आजही ते ऐकले की पखवाजाची थाप किंवा पियानोचा आघात ज्या वेगाने येतो, त्याने माणूस सावध होऊन बसतो. पण घुमटाला चीर गेली की तो दुरुस्त होत नाही, आणि बेरिलियमची भुकटी श्वासात जाणं विषारी आहे. त्यामुळे जाळीमागे टॉर्च धरून दोन्ही बाजूंचे घुमट नीट पाहावेत, आणि फुटका दिसला तर बोट लावू नये. बदली घुमट मिळतो तो दुसऱ्या जोडीच्या अंगावरचाच.

असंच व्ही-फेटचं. सोनी आणि यामाहा यांनी १९७४ च्या सुमारास या खास ट्रान्झिस्टरवर अ‍ॅम्प्लिफायर काढले. त्यामागचं मूळ संशोधन तोहोकू विद्यापीठाच्या जुन-इची निशिझावा यांचं. यामाहाचा बी-१ हा त्यांतला नामवंत. ऐकायला विलक्षण. मात्र तो ट्रान्झिस्टर आता कोणी बनवत नाही, आणि एक उडाला की तसाच दुसरा अ‍ॅम्प्लिफायर मोडून काढावा लागतो. असं यंत्र घ्यावं का? ज्याला तो धोका समजलेला आहे आणि पेलतो, त्याने जरूर घ्यावं. पण नफ्यासाठी घेऊन पुढे विकणाऱ्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट शब्दांत न सांगता विकणं मला लबाडी वाटते.

१९८५ च्या सप्टेंबरात चलनदरांविषयीचा प्लाझा करार झाला आणि येन वधारू लागला. डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन दोन-सव्वादोन वर्षांत १२० च्या घरात आला. निर्यात अवघड झाली आणि कंपन्या घरच्याच बाजारात एकमेकींशी झुंजू लागल्या. स्पीकरच्या एका नगाला ५९,८०० येन हा ठरलेला भाव. त्या भावात कोण जास्त जड पेटी, मोठं चुंबक, महाग घुमट देतो, याची चढाओढ सुरू झाली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ७९,८०० येनची तशीच लढाई. समीक्षक तेत्सुओ नागाओका यंत्रांची वजनं आवर्जून नोंदवत आणि वाचकही त्यांच्या मागोमाग किलो मोजू लागले. या यंत्रांवर कंपन्यांनी किती कमावलं असेल कोण जाणे, पण ग्राहकाला मात्र त्या भावात पुन्हा कधी मिळाला नाही असा माल मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची ही यंत्रं काळ्या रंगाची, कोनाकोनांची, फोटोत फिकी पडणारी आहेत. म्हणूनच ती अजून बाजारात स्वस्त आहेत. माझी पसंती विचाराल तर इथे आहे.

आता खुद्द बाजार. जपानमध्ये जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९४९ च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो पोलिसांमार्फत मिळतो. चोरीचा माल फिरू नये हा उद्देश. त्यामुळे दुकानदार विकायला आलेल्या माणसाची ओळख नोंदवून ठेवतो. टोकियोतलं ओचानोमिझु, अकिहाबारा, नागोयातलं ओसु, ओसाकातलं निप्पोनबाशी इथे जुन्या ऑडिओची दुकानं पूर्वीपासून आहेत. त्यांत यंत्र तपासून, दुरुस्त करून, काही महिन्यांच्या हमीसह विकलं जातं आणि भावही तसाच असतो. वेगळी वाट काढली ती हार्ड ऑफने. निईगातामध्ये ऑडिओचं दुकान चालवणाऱ्या कंपनीने देशातली आर्थिक तेजी ओसरून धंदा बसल्यावर १९९३ मध्ये जुन्या मालाचं पहिलं हार्ड ऑफ दुकान उघडलं. आज त्यांची दुकानं देशभर आहेत. तिथे एका बाजूला तपासलेला माल असतो आणि दुसऱ्या बाजूला जंक म्हणून वेगळा काढलेला. जंक म्हणजे मोडकं असंच नव्हे. दुकान त्याची कुठलीही हमी देत नाही, तो परत घेत नाही, आणि भाव त्याच हिशेबाने लावलेला असतो. चालूही निघेल, निघणार नाही. १९९९ मध्ये याहूचे लिलाव सुरू झाल्यावर हीच वर्गवारी सामान्य विक्रेत्यांनीही उचलली.

मला या पद्धतीचा आदर वाटतो. विकणारा आपल्याला काय माहीत आहे आणि काय तपासलेलं नाही, याची रेघ आखून देतो. जंक म्हणून विकलेल्या मालाविषयी घेणारा तक्रार करत नाही, आणि तपासलेला म्हणून विकलेला माल बिघडलेला निघाला तर विकणाऱ्याची पत जाते. परदेशातून, मध्यस्थामार्फत बोली लावणारा इथेच चुकतो. त्याला फोटोत दिवा लागलेला दिसतो आणि यंत्र चालतं असं तो धरून चालतो. दिवा लागतो एवढंच विकणाऱ्याने म्हटलेलं असतं, आणि तेवढंच खरं असतं.

हा बाजार एकदा बुडायच्या बेतात आला होता. २००१ मध्ये जपानमध्ये विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. नवं चिन्ह नसलेली उपकरणं विकता येणार नव्हती, आणि जुन्या मालाच्या दुकानांनाही हे लागू आहे हे अनेकांना सवलतीची मुदत, म्हणजे ३१ मार्च २००६, तोंडावर आल्यावर समजलं. पन्नास वर्षांचे अ‍ॅम्प्लिफायर, सिंथेसायझर, रेकॉर्ड प्लेअर एका दिवसात विक्रीबाह्य होणार होते. संगीतकार र्युइची साकामोतो यांच्यासह अनेक कलावंतांनी विरोध केला, सह्यांची मोहीम झाली. संबंधित मंत्रालयाने ऐन वेळी हात सैल केला आणि पुढे २००७ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. आज आपण ज्या वस्तू बिनदिक्कत मागवतो, त्या त्या सह्यांमुळे कचऱ्यात जायच्या वाचल्या.

बिघाडांवर या पुस्तकातली सर्वांत मोठी प्रकरणं आहेत, म्हणून इथे मोजकं सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून रिलेचा टक् असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर संरक्षक सर्किटने स्पीकर तोडून ठेवले आहेत, आणि कारण शोधल्याशिवाय भाव बोलू नये. रिले बसला तरी स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटरने त्या टोकांवरचा डीसी व्होल्टेज पाहावा. काही मिलिव्होल्ट ठीक, पन्नासच्या वर असेल तर काम निघालं. आवाजाचा नॉब फिरवताना होणारी खरखर बहुधा साफसफाईने जाते. नॉबला हात न लावताही ऐकू येणारी चरचर मात्र वेगळी. त्या काळचे काही लहान ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ हिताचीचा २एससी४५८, वयानुसार चरचरू लागतात आणि त्यांचे पाय काळे पडलेले दिसतात. कपॅसिटर बोर्डाला चिकटवण्यासाठी वापरलेला पिवळसर गोंद काळाने तपकिरी होतो, ओल धरतो, वीज वाहून नेऊ लागतो आणि खालच्या तारा खातो. तो खरवडून काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण ज्याने ते केलं आहे त्या माणसाकडून डोळे मिटून यंत्र घ्यावं.

बदली भागांत बनावट माल फार आहे. तोशिबाच्या २एससी३२८१ आणि २एसए१३०२ या जोडीची नक्कल इतकी झाली की आज त्या नावाने मिळणारा भाग खरा असण्यापेक्षा खोटा असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे सगळे ट्रान्झिस्टर नवे टाकले आहेत असं कोणी अभिमानाने सांगितलं तर मी आधी जुने कुठे आहेत ते विचारतो. स्पीकरच्या कडांचं तसंच. फोमच्या कडा दमट हवेत भुगा होतात आणि ते लगेच दिसतं. डायटोनच्या कित्येक स्पीकरच्या कापडी कडा मात्र दिसायला शाबूत राहतात आणि आतून कडक होतात, त्यामुळे खर्ज हरवतो. शंकूला हलक्या हाताने सगळीकडून सारखं दाबून पाहिलं तर कळतं.

भारतात मागवणाऱ्यासाठी तीन गोष्टी. पहिली विजेची. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि आपल्याकडे सहज मिळणारा बहुधा ११० व्होल्टचा असतो. घरात दाब २४५ वर गेला की तो ११७ देतो, आणि १०० साठी बनलेलं जुनं यंत्र तापत राहतं. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्याला सांगून खरोखर १०० व्होल्टचा करून घ्यावा, यंत्राच्या गरजेच्या दुप्पट ताकदीचा. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्डवर, बल्ब मध्ये ठेवूनच द्यावी. दुसरी गोष्ट फ्रीक्वेन्सीची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्यामुळे पूर्व जपानात आजही ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६०. पश्चिमेकडून आलेल्या सिंक्रोनस मोटरच्या टर्नटेबलला ६० हर्ट्झची पुली असेल, तर आपल्याकडे ते मिनिटाला ३३⅓ ऐवजी २८ च्या आसपास फेरे घेईल आणि गाणं ओढल्यासारखं वाजेल. पुली बदलली की झालं. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला हा प्रश्न नाही. तिसरी एफएमची. जुन्या जपानी ट्यूनरचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८८ पासून १०८ पर्यंत. मुंबई-पुण्याची बहुतेक केंद्रं त्यावर लागणारच नाहीत.

आपल्याकडेही जपानी यंत्रं कमी नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात नोकरीला गेलेली रत्नागिरी-रायगडची माणसं आणि बोटीवर काम करणारे गोवेकर सुट्टीवर येताना अकाई, सोनी, आयवा, नॅशनलचे डेक आणि टू-इन-वन घेऊन येत. ही निर्यातीची यंत्रं. २२० व्होल्टवर चालणारी, आपला एफएम पट्टा असलेली. त्यांतली बरीच अजून कपाटांवर कापडाखाली आहेत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने पत्रा गंजलेला असतो, रबरी पट्ट्यांचं डांबर झालेलं असतं. पण ट्रान्सफॉर्मर आणि हेड शाबूत असतील तर जपानहून भाडं आणि सीमाशुल्क भरून मागवण्यापेक्षा अशा एका डेकवर मेहनत घेणं मी केव्हाही पसंत करीन. घरच्यांना मात्र योग्य भाव द्यावा. त्यांना त्या वस्तूची किंमत ठाऊक नाही, याचा फायदा घेऊ नये.

पुस्तकात किमतींची यादी दिलेली नाही. ती छापून होईपर्यंत शिळी होते. त्याऐवजी प्रत्येक मॉडेलखाली त्याला हमखास काय होतं, ते दुरुस्त करायला काय लागतं, कुठला भाग मिळतो आणि कुठला नाही, हे दिलं आहे. जपानी कंपन्या उत्पादन बंद झाल्यावर स्टिरिओचे सुटे भाग साधारण आठ वर्षं ठेवतात, त्यामुळे बहुतेकांचे दरवाजे केव्हाच बंद झाले. अ‍ॅक्यूफेज मात्र भाग उपलब्ध असतील तोवर आपली जुनी यंत्रं दुरुस्तीला घेते, आणि तिच्या जुन्या मालाला भाव मिळतो त्याचं हेही एक कारण आहे.

विकणाऱ्यासाठी शेवटचं प्रकरण आहे. यंत्रासोबत एक कागद द्यावा: काय तपासलं, काय तपासलेलं नाही, कुठले भाग बदलले, डीसी किती आला, बायस किती लावला. काढलेले जुने भाग पुडीत बांधून सोबत द्यावेत, म्हणजे पुढच्या कारागिराला मूळ काय होतं ते कळेल. पॅनेलवरची अक्षरं स्पिरिटने पुसू नयेत, ती निघून जातात आणि पुन्हा छापता येत नाहीत. पाठवताना टर्नटेबलची थाळी काढून वेगळी बांधावी, आर्म बांधून ठेवावा, कार्ट्रिज काढावं. जड ट्रान्सफॉर्मर असलेलं यंत्र खोक्यात खोकं घालून, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जास्त आधार देऊनच पाठवावं, कारण आपटलं की तो स्क्रूंसकट चासी वाकवतो. जपानी टपालाने परदेशी पार्सल ३० किलोपर्यंतच जातं. एनएस-१०००एमचा एक स्पीकर ३१ किलोचा आहे, खोकं आणि फोम वेगळे, तेव्हा तो जहाजाने मालवाहू कंपनीकडून आणण्याचा खर्च बोली लावण्याआधी काढून ठेवावा.